अक्षर लागेपर्यंत

शेजारच्या आजींनी तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा माझ्यासमोर पहिल्यांदा उघडला तो जानेवारी 2019 मध्ये, आणि तोही पत्रांसाठी नव्हे. एक फॉर्म भरायचा होता.

आम्ही उत्तर लंडनमध्ये राहतो, त्यांचं आणि आमचं कुंपण एकच. त्यांना मी नावानंच हाक मारते, इथली रीत तशी. पण पंच्याऐंशी ओलांडलेल्या बाईंचा मराठीत नुसत्या नावानं उल्लेख करायला हात धजत नाही, शिवाय नाव छापलेलं त्यांना आवडणारही नाही. म्हणून इथे आजी.

फॉर्म होता किंडरट्रान्सपोर्ट निधीचा. नाझी राजवटीतून आईवडिलांवाचून बाहेर पडलेल्या मुलांपैकी जे अजून हयात आहेत त्यांना 2,500 युरो एकदाच द्यायचे, असं जर्मन सरकारनं डिसेंबर 2018 मध्ये ज्यूंच्या वतीनं भरपाई मागणाऱ्या क्लेम्स कॉन्फरन्स या संस्थेशी बोलणी करून मान्य केलं होतं. त्या प्रवासांना ऐंशी वर्षं झाली त्या निमित्तानं. अर्जदार तेव्हा 21 वर्षांखालचा हवा, सोबत आईवडील नसायला हवेत, आणि प्रवास ढोबळमानानं 9 नोव्हेंबर 1938 ते 1 सप्टेंबर 1939 या काळातला हवा. आजी सगळ्यात बसत होत्या. जन्म बर्लिन, 1932. आल्या जुलै 1939 मध्ये. वय सात. रकमेचा आकडा वाचून त्या हसल्या आणि म्हणाल्या, "सामानाची भरपाई म्हणून ठीक आहे."

फॉर्म इंग्रजीतच होता, तो भरायला माझी गरज नव्हती. पुराव्याचे कागद डब्यात होते आणि ते जर्मनमध्ये होते. मी लग्नाआधी पुण्यात चार वर्षं जर्मन शिकलेय हे त्यांना ठाऊक होतं. "तुला येतं ना जर्मन?" त्यांनी विचारलं. "मला येत नाही."

बर्लिनमध्ये जन्मलेली बाई कोल्हापूरच्या बाईला हे म्हणत होती. तेव्हा मला त्यात फक्त गंमत वाटली.

पुराव्याचा कागद वरच सापडला आणि तो चक्क इंग्रजी निघाला. एक दुमडलेलं जाड कार्ड, त्यावर वेण्या घातलेल्या मुलीचा फोटो आणि परवाना क्रमांक. ब्रिटिश सरकारच्या संमतीनं, शिक्षणासाठी या देशात घेतल्या जाणाऱ्या मुलांना हे ओळखपत्र दिलं जातंय, असा मजकूर आणि खाली छापलेलं, याला व्हिसाची गरज नाही. 'शिक्षणासाठी' हा शब्द मी दोनदा वाचला. आजी म्हणाल्या, "शिकले की मी. टाइपिंग शिकले."

थोडं मागचं सांगायला हवं. 9 नोव्हेंबर 1938 च्या रात्री जर्मनीभर सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनामंदिरं, पेटवली गेली, ज्यूंची दुकानं फोडली गेली आणि त्यानंतरच्या दिवसांत सुमारे 30,000 ज्यू पुरुषांना छळछावण्यांत नेलं. आजींचे वडील त्यातलेच. बर्लिनजवळच्या साक्सेनहाउझेनमध्ये सहा आठवडे होते. देश सोडतो असं लिहून दिल्यावर सुटले. पण सोडून जायचं कुठे? दार कुणीच उघडत नव्हतं. ब्रिटिश संसदेत 21 नोव्हेंबरला चर्चा झाली आणि सतरा वर्षांखालच्या मुलांना तात्पुरतं येऊ द्यायचं ठरलं. मुलांना. आईवडिलांना नाही. सरकारी तिजोरीवर भार पडता कामा नये ही अट होतीच. पुढे तर मूल दुसऱ्या देशी जाईल तेव्हाच्या खर्चासाठी म्हणून दर मुलामागे 50 पौंडांची हमी मागू लागले. पहिली तुकडी 2 डिसेंबर 1938 ला हार्विच बंदरात उतरली आणि युद्ध पेटेपर्यंत सुमारे 10,000 मुलं आली.

लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनबाहेर त्या मुलांचा ब्राँझचा पुतळा आहे. तो घडवणारे फ्रँक माइस्लर स्वतः डान्झिगहून असेच आलेले. लोक तिथे फोटो काढतात, शाळांच्या सहली येतात, या देशानं केवढं मन मोठं केलं याची भाषणं होतात. केलंच, नाकारत नाही. पण त्या पुतळ्यात फक्त मुलं आणि त्यांच्या बॅगा आहेत, आईबाप नाहीत, आणि ते अगदी बरोबर आहे. त्यांना परवानाच नव्हता.

तर फॉर्म एका दुपारी भरून झाला. डब्याचं झाकण लावताना मी खालचा गठ्ठा पाहिला. 19 पत्रं, सुतळीनं बांधलेली आणि वेगळ्या पाकिटात रेड क्रॉसचे चार छापील कागद. "हे आईचं," आजी म्हणाल्या. "वाचली नाहीत. म्हणजे वाचली असतील तेव्हा. आता येत नाहीत."

मी अगदी सहज म्हणून गेले, द्या, मी वाचून दाखवते.

पहिलं पत्र उलगडलं आणि माझी चार वर्षांची जर्मन तिथेच संपली. कागदावर करवतीचे दाते होते. एकसारखे वरखाली, वरखाली, मधूनच एखादा लांब फाटा, एखादं वेटोळं. छापील जर्मन मला येत होती, आजच्या जर्मन माणसाचं हस्ताक्षरही वाचता येत होतं, पण हे काही तरी तिसरंच होतं. बऱ्याच वेळानं पहिली ओळ लागली असं वाटलं आणि मी मोठ्यानं वाचली, "माइन लिबेस रिंड." मग अर्थ लक्षात आला. रिंड म्हणजे गुरू-ढोरू. 'माझ्या लाडक्या गुरा', असं काही आई लिहिणार नाही. तो शब्द होता किंड, बाळ. त्या लिपीत मोठ्या 'के' आणि मोठ्या 'आर'चं वळण सख्ख्या बहिणींसारखं आहे. आजींना सांगितलं तर त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. पुढे कित्येक महिने मला बघितलं की "आलं गुरू" म्हणायच्या.

त्या लिपीचं नाव कुरंट. कलम फारसं न उचलता पळत लिहायची लिपी. शाळेतल्या पोरांसाठी बर्लिनच्या लुडविग स्युटर्लिन या चित्रकारानं 1911 मध्ये तिचं सोपं रूप तयार केलं, ते स्युटर्लिन म्हणून ओळखलं जातं. आईनं शाळेत जुनी कुरंट गिरवलेली असणार, आजींनी पहिलीत स्युटर्लिन. नाव ऐकलं होतं, पण पुण्यात आम्हाला ती कुणी शिकवली नव्हती, शिकवायचं कारणही नव्हतं. 1941 मध्ये नाझी सरकारनंच ती शाळांतून काढून टाकली. त्याच वर्षी जानेवारीत जुन्या जर्मन छापील अक्षरांविरुद्ध फतवा निघाला होता, त्यात ती 'ज्यूंची अक्षरं' आहेत असं कारण दिलं होतं. आणि इथे एक ज्यू बाई पोरीला त्याच वळणाच्या अक्षरात लिहीत होती, कारण तिला शाळेत तेच शिकवलं होतं.

मला आमच्या घरची ट्रंक आठवली. आजोबांच्या शेताचे कागद मोडीत आहेत. घरात कुणालाच ते वाचता येत नाहीत. वडील त्या गठ्ठ्याला हळदकुंकू लावत, पण त्यात खरेदीखत आहे की सावकाराची नोटीस हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. लिपी मेली की कागद देवघरात जातो. आजींच्या डब्याचं तेच झालं होतं.

मोडी शिकलेल्या एका मामेभावाला फोन केला. त्यानं पुण्यात मोडीचा वर्ग केलाय. तो म्हणाला, वाचायला बसू नकोस. आधी लिहायला शीक, हाताला कळलं की डोळ्याला कळतं. हा सल्ला लाखाचा निघाला. तक्ता काढून भिंतीवर लावला, दुरेघी वही आणली आणि रोज रात्री जेवणं आटोपल्यावर पानभर गिरवायला लागले. 'ई' हा 'एन'सारखा दिसतो. 'एन' आणि 'यू' जुळे आहेत, म्हणून 'यू'च्या डोक्यावर चंद्रकोर काढतात. 'एच'ला वरही फास आणि खालीही फास. 'एस' दोन प्रकारचा, शब्दात आधी आला तर लांब काठीसारखा, शेवटी आला तर वाटोळा. माझी आठ वर्षांची लेक शेजारी बसून गृहपाठ करायची. "आई, तुला पण रेघा मारायची शिक्षा झालीय का?" तिनं विचारलं, इंग्रजीत. आमच्या घरात मी मराठीत बोलते आणि ती इंग्रजीत उत्तर देते.

दोन महिन्यांनी शब्द सुटे दिसायला लागले. मोडी वाचणारे म्हणतात ना, अक्षर लागलं, तसं लागायला लागलं. प्रत्येक माणसाचं वळण वेगळं, त्यामुळे तक्त्यानं फार तर निम्मं काम होतं. उरलेलं त्या बाईच्या हाताची सवय करून घ्यावी लागते. ती घाईत असली की 'ई' चिरडते. शाई संपत आली की शेवटचे शब्द खरवडल्यासारखे. हे कळलं की मग वेग येतो. हस्ताक्षर वाचणारी एक संगणकप्रणालीही वापरून पाहिली. तिनं बरंच बरोबर वाचलं, पण घरातली लाडाची नावं तिला काय कळणार.

गुरुवार ठरला. दुपारी तीन वाजता मी जायची, चहा व्हायचा, मग एक पत्र. मी आधी घरी पत्र उतरवून, छापील अक्षरांत लिहून, इंग्रजी भाषांतर करून न्यायची. पहिल्या गुरुवारी भाषांतर वाचायला लागले तर आजींनी हात वर केला. "आधी ते वाच. तिनं लिहिलंय ते."

"पण तुम्हाला कळणार नाही."

"नाही कळणार. वाच."

मी वाचायला लागले. पत्र ऑगस्ट 1939 चं. आईनं मुलीला 'मॉइसशेन' म्हटलंय, उंदीरमामीचं पिल्लू म्हणा हवं तर, आपण चिमणी म्हणतो तसं. मी ते पुण्याच्या शिक्षकांनी शिकवलं तसं नीट, जीभ टाळ्याला लावून उच्चारलं. आजी म्हणाल्या, "मॉयझेकन."

मी थांबले. त्यांनाही आश्चर्य वाटलेलं दिसलं. "असं नाही म्हणायची ती. मॉयझेकन म्हणायची." लिहिताना आईनं शाळेची शुद्ध भाषा लिहिली होती आणि बोलायची ती बर्लिनची बोली. तिथे शेवटचा 'शेन' जाऊन 'केन' येतो. मी हे आधी फक्त वाचलेलं होतं. आजींना पत्रातला दुसरा एकही शब्द कळला नाही, पण यापुढे तो शब्द आला की मी त्यांच्यासारखाच म्हणायचा, असं ठरलं.

त्यांची भाषा गेली कशी, हेही अशाच गुरुवारांनी तुकड्यातुकड्यानं सांगितलं. निघण्याच्या दिवशी स्टेशनात आईवडिलांना फलाटावर येऊ दिलं नाही, रडारड नको म्हणून. निरोप बाहेरच घेतला. आजींना आईचा चेहरा आठवत नाही, फोटोतला आठवतो, पण आईच्या हातमोज्याचं बटण आठवतं, कारण ते त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. गळ्यात क्रमांकाची चिठ्ठी, हातात एक बॅग, खिशात दहा मार्क. त्याहून जास्त न्यायची परवानगीच नव्हती. सरहद्द ओलांडल्यावर डच बायकांनी डब्यात कोको आणि पांढरा पाव दिला. हुक ऑफ हॉलंडहून रात्रीची बोट, सकाळी हार्विच. मग नॉरफोकमधल्या एका खेड्यात, एका निपुत्रिक जोडप्याकडे. माणसं चांगली होती. त्यांना जर्मनचं अक्षर येत नव्हतं आणि गावात दुसरं कुणी ज्यू नव्हतं. सप्टेंबरात युद्ध सुरू झालं आणि जर्मन ही शत्रूची भाषा झाली. बसमध्ये चुकून जर्मन शब्द निघाला तर काकू हळूच हात दाबायच्या. सात वर्षांच्या मुलीनं भाषा सोडायला किती वेळ लागतो? आजींच्या हिशेबानं एक हिवाळा.

तिकडे आई इंग्रजी शिकत होती. हे मला पत्रांतूनच कळलं. ब्रिटनमध्ये मोलकरीण म्हणून काम करायचा परवाना ज्यू बायकांना मिळू शकत होता आणि हजारो बायका त्या वाटेनं आल्याही. नॉरफोकच्या काकूंनी शेजारच्या गावात तिच्यासाठी घर शोधलं होतं. 21 ऑगस्ट 1939 च्या पत्रात आई लिहिते की कागद जवळजवळ झालेत, मी रोज दहा शब्द पाठ करते, 'किटली' आणि 'इस्त्री' झालं, आता जिन्यापाशी आलेय. या पत्राचं अक्षर सगळ्यांत चांगलं आहे. अगदी मोकळं. तेरा दिवसांनी, 3 सप्टेंबरला ब्रिटननं युद्ध पुकारलं आणि सगळे परवाने रद्द झाले.

थेट टपाल बंद झालं. पुढची सात पत्रं ॲमस्टरडॅमच्या एका नातेवाइकामार्फत आलेली. मुलीची पत्रं एव्हाना इंग्रजीत जाऊ लागली होती, म्हणून मार्च 1940 च्या पत्रात आईनंही इंग्रजीत लिहून पाहिलं. लॅटिन अक्षरांत, शाळकरी सुबकपणानं. हे एकच पत्र आजींना पूर्वीपासून वाचता येत होतं आणि त्यांनी ते गठ्ठ्याच्या तळाशी ठेवलं होतं. पहिलं वाक्य होतं, "आय बिकेम युअर लेटर."

जर्मन शिकलेल्या कुणालाही ही चूक ओळखू येईल. 'मिळणे' याला जर्मनमध्ये 'बेकोमेन' म्हणतात. आईनं तोच शब्द इंग्रजीत नेला आणि 'मला तुझं पत्र मिळालं' याचं 'मी तुझं पत्र झाले' असं होऊन बसलं.

"मी हसले होते," आजी म्हणाल्या. "मी आणि शाळेतली एक मैत्रीण. आम्ही आठवडाभर एकमेकींना म्हणत होतो, आय बिकेम अ सॉसेज, आय बिकेम अ बन. आणि मी तिला लिहिलं की तू इंग्रजीत लिहू नकोस, चुकतेस." त्या गुरुवारी पुढचं वाचलं नाही. चहाही तसाच राहिला.

त्यानंतरच्या पत्रांत इंग्रजी नाही. आणि तोवर मुलीची जर्मन गेलेली.

मे 1940 मध्ये जर्मन फौजा हॉलंडमध्ये शिरल्या आणि ॲमस्टरडॅमची वाटही संपली. मग रेड क्रॉस. युद्ध करणाऱ्या देशांतल्या नातलगांना जिनेव्हामार्फत निरोप पाठवता यायचा, जास्तीत जास्त 25 शब्द, फक्त घरगुती मजकूर. इथे एक शिलिंग भरून कार्यालयात निरोप द्यायचा, तो सेन्सॉरमधून जिनेव्हाला, तिथून बर्लिनला, आणि त्याच कागदाच्या पाठीवर उत्तर. जायला-यायला महिनेच्या महिने लागायचे. असे चार कागद. ते टाइप केलेले, त्यामुळे लिपीची अडचण नाही. अडचण वेगळीच. आईच्या नावात मध्ये 'सारा' होतं. "हे तिचं नाव नाही," आजी ठामपणे म्हणाल्या. "कुणा दुसऱ्या बाईचा कागद आलाय का?" ऐंशी वर्षं त्यांच्या मनात ही शंका होती. मी सांगितलं की जानेवारी 1939 पासून जर्मनीतल्या ज्यू बायकांना नावापुढे 'सारा' आणि पुरुषांना 'इस्रायल' लावण्याची सक्ती होती. वडिलांच्या नावातही 'इस्रायल' होतं, पण ते त्यांनी कधी नीट पाहिलंच नव्हतं.

घरात एक कॅनरी पक्षी होता, हान्सी. आईच्या प्रत्येक पत्रात तो आहे. हान्सीनं आज गायला नकार दिला, हान्सी तुझ्या खुर्चीच्या पाठीवर बसतो. 1942 च्या सुरुवातीला मुलीनं तिच्या 25 शब्दांत विचारलं, हान्सी कसा आहे? पाठीवर जुलैचं उत्तर आहे. मराठीत साधारण असं: "लाडक्या चिमणे, निरोप मिळाला, आनंद. आम्ही दोघं ठीक. हान्सी आता आमच्याकडे नाही. बहुधा लवकरच प्रवासाला जाऊ. शहाण्यासारखी राहा, मन लावून शीक. पापे, आई, बाबा."

आजी समजत आल्या की हान्सी म्हातारा होऊन मेला. मी घरी येऊन शोधलं, तर मे 1942 मध्ये ज्यूंना घरात पाळीव प्राणी-पक्षी ठेवायला बंदी करणारा हुकूम निघाला होता. हे त्यांना सांगावं की नाही यावर मी दोन गुरुवार काढले. सांगितलं. त्या म्हणाल्या, "पक्ष्याचीसुद्धा भीती वाटली त्यांना?"

एकदा त्यांनी विचारलं, तुमच्याकडे पोचलं होतं का युद्ध? मी वळिवड्याचं सांगितलं. कोल्हापूरजवळच्या त्या छावणीत 1943 ते 1948 सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बायका आणि मुलंच जास्त, बहुतेक कॅथलिक, सैबेरियातून इराणमार्गे आलेले. माझी आजी त्यांना अंडी विकायची आणि त्या बायका मराठीत घासाघीस करायच्या. आजींना हे फार आवडलं. घासाघीस करायची म्हणजे भाषा आली, असं त्यांचं मत.

2020 मध्ये गुरुवार कुंपणावरून व्हायला लागले. मी खुर्ची टाकून इकडे, त्या शाल घेऊन तिकडे, आणि मी ओरडून पत्र वाचतेय. पलीकडच्या घरातले लोक खिडकी उघडून ऐकायचे, त्यांना काय वाटलं असेल देव जाणे.

पत्रं संपल्यावर पुढचा भाग आला. तो मला टाळायचा होता आणि आजींना नाही. ज्यांना अशी कामं करायची असतील त्यांच्यासाठी सांगते, बरंचसं फुकट होतं, फक्त वेळ लागतो. मुलांच्या नोंदी वर्ल्ड ज्यूइश रिलीफ या संस्थेकडे आहेत आणि कुटुंबीयांना त्यांच्या प्रती मिळतात. आजींचं कार्ड त्यात सापडलं. पोचल्याची तारीख, नॉरफोकचा पत्ता, पुढे शाळा आणि टाइपिंग. आईवडिलांसाठी आरोल्सनचं अभिलेखागार, जर्मनीतल्या बाड आरोल्सन या गावी. तिथे छळाला बळी पडलेल्या सुमारे पावणेदोन कोटी माणसांच्या नोंदी आहेत. त्यातलं बरंचसं आता घरबसल्या पाहता येतं, आणि त्याची डिजिटल प्रत लंडनच्या वीनर होलोकॉस्ट लायब्ररीतही आहे.

मला ते स्वयंपाकघरात, रात्री साडेदहाला सापडलं. टाइप केलेली यादी, अनुक्रमांक, नाव, जन्मतारीख, पत्ता. 1942 चा नोव्हेंबर अखेर, बर्लिनहून आउश्वित्झच्या मृत्युछावणीत. लागोपाठचे दोन क्रमांक. अक्षर अगदी स्वच्छ होतं, काही लावावं लागलं नाही.

सकाळी जाऊन सांगितलं. त्यांनी यादी बराच वेळ पाहिली आणि विचारलं, "एकाच डब्यात असतील ना?" मी म्हटलं, क्रमांक शेजारी आहेत, असतील. दुसरं काय बोलणार.

शेवटचा कागद पॉट्सडामहून आला. बर्लिनच्या ज्यूंना नेण्याआधी मालमत्तेचा फॉर्म भरून घेत, सोळा पानी. कायद्यानंच तशी सोय केली होती, सरहद्द ओलांडली की नागरिकत्व संपलं आणि मालमत्ता सरकारजमा. त्या फायली पॉट्सडाममधल्या ब्रांडेनबुर्ग राज्याच्या अभिलेखागारात जपलेल्या आहेत. आईनं फॉर्म हातानं भरला होता आणि ते अक्षर मी आता झोपेतही ओळखलं असतं. टेबल 1, खुर्च्या 3, मुलीचा पलंग 1, पातेली, चमचे, चादरी, टॉवेल. पक्ष्याचा पिंजरा 1. मुलांच्या रकान्यात आजींचं नाव आणि पुढे 'इंग्लंड'. 'ई' कुठेच चिरडलेला नाही. मागे सामानाची किंमत ठरवणाऱ्या अधिकाऱ्याचा कागद, त्यामागे थकलेल्या विजेचं बिल, त्यामागे घरमालकाचं पत्र, की घर अजून सील आहे, माझं भाडं बुडतंय, ते कोण देणार.

"कुणीतरी दिलं का?" आजींनी विचारलं. दिलं होतं. जप्त केलेल्या पैशांतून.

2,500 युरो केव्हाच आले होते. त्यातून त्यांनी मला एक चांगलं भिंग घेऊन दिलं, पितळी मुठीचं.

आता गुरुवारी वाचायला नवीन काही नाही, तरी मी जाते. मागच्या महिन्यात त्यांनी पुन्हा तो जुलै 1942 चा रेड क्रॉसचा कागद मागितला. मी वाचला. त्या एकेका शब्दाला एकेक बोट दुमडत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, परत वाच, सावकाश. परत वाचला.

"चोवीस," त्या म्हणाल्या. "पंचवीस चालत होते ना?"

"हो."

"चोवीसच आहेत." मी मोजून पाहिले. चोवीसच होते.

त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसल्या. मग म्हणाल्या, "पार्सलची सुतळीसुद्धा कापायची नाही ती. गाठ सोडवत बसायची. गुंडाळून ठेवायची."